ताटात शिसे तर वाढले जात नाही ना?

भांडी आणि कपबशा निवडताना रंग, नक्षी, चकाकी आणि किंमत पाहिली जाते. पण भांडे कशाचे बनले आहे आणि त्यात कोणता पदार्थ किती वेळ राहणार आहे, हे फार थोड्या घरांत विचारले जाते. खरे तर घरातल्या मुलांच्या आरोग्याचा मोठा भाग याच दोन प्रश्नांवर अवलंबून आहे.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली की घरोघरी माळे आवरायला निघतात. वर्षभर अंधारात पडून असलेली भांडी खाली येतात. सासूबाईंच्या लग्नात आलेले पितळी पातेले, बाजारातून स्वस्तात घेतलेली जाड, ओतीव कढई, प्रदर्शनातून हौसेने आणलेले लाल-पिवळे मातीचे बोल, कुणीतरी परदेशातून भेट दिलेला क्रिस्टलचा जड जग आणि मुलांच्या वाढदिवसाला आलेले कार्टूनची चित्रे असलेले काचेचे ग्लास.

"आई, यंदा या पातेल्याला कल्हई करून घेऊ या. आमटी यातच करत जाऊ. हल्ली सगळे म्हणतात, जुनी भांडीच चांगली," सून म्हणते.

"अगं, कर की! आमच्या वेळी दुसरे होते तरी काय?" सासूबाईही खूष होतात.

असा संवाद आज पुणे, नागपूरपासून इंदूर, बडोदा, हैदराबादपर्यंत अनेक मराठी घरांत ऐकू येतो. पितळ, कासे, माती यांची हौस पुन्हा आली आहे आणि त्यात वाईट काहीच नाही. प्रश्न पितळेचा, मातीचा किंवा काचेचा नाहीच. प्रश्न आहे तो या प्रत्येकात लपून येऊ शकणाऱ्या एका धातूचा. तो धातू म्हणजे शिसे.

जीभ सांगत नाही

ताक पितळेच्या भांड्यात राहिले की कळकते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागला की त्याची चव बिघडते, रंग हिरवट होतो. एक घोट घेतला तरी तोंड वाकडे होते आणि ताक ओतून दिले जाते. म्हणजे तांबे निदान सूचना देऊन येते.

शिसे तशी सूचना देत नाही. त्याला वास नाही आणि अन्नात उतरले तरी रंग बदलत नाही. उलट शिसे आणि व्हिनेगरमधले आम्ल यांच्यापासून जो क्षार बनतो, त्याची चव चक्क गोड असते. प्राचीन रोममध्ये द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यात आटवून गोड पाक करीत आणि तो मद्यात व पदार्थांत घालीत. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची साइडर पिणाऱ्यांना पोटात असह्य कळा येत. १७६७ साली डॉ. जॉर्ज बेकर यांनी दाखवून दिले की, साइडर काढण्याच्या यंत्रांत शिसे वापरलेले आहे आणि फळांच्या आंबट रसात ते उतरते आहे. त्या कळांचे कारण शेवटी तेच निघाले.

म्हणूनच "आम्ही वर्षानुवर्षे यातच जेवतो, कुणाला काही झाले नाही" हे उत्तर शिशाच्या बाबतीत उपयोगाचे नाही. होते ते हळूहळू आणि न दिसता होते.

हाडांत साठणारे विष

शरीराला शिशाचा काडीइतकाही उपयोग नाही. पण शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते. कॅल्शियम जिथे जायचे तिथे शिसे जाते. ते रक्तात, मेंदूत आणि सरतेशेवटी हाडांत व दातांत पोहोचते. हाडांत गेलेले शिसे कित्येक दशके तिथेच राहते.

याचा सर्वांत मोठा फटका लहान मुलांना बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्या माणसाचे शरीर शोषते, त्याच्या ४ ते ५ पट भाग लहान मुलाचे शरीर शोषून घेते. त्यातच मुलाच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ज्यांना शिसे अधिक बाधते अशीच मुले आपल्याकडे अधिक आहेत.

परिणाम कोणते? बुद्धीची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, शिकायला वेळ लागतो, चिडचिड वाढते. पोटदुखी, बद्धकोष्ठ, भूक न लागणे, पांढुरके दिसणे हीसुद्धा लक्षणे असू शकतात. पण पुष्कळदा कोणतेच लक्षण दिसत नाही. पालकांना वाटते, मूल आळशी आहे. शाळेला वाटते, मूल मठ्ठ आहे. मेंदूवर झालेला हा परिणाम पुढे औषधाने भरून निघत नाही. मोठ्या माणसांत रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे हे धोके असतात.

गर्भवतीची काळजी तर दुहेरी आहे. गर्भाची हाडे बनताना आईच्या हाडांतले कॅल्शियम वापरले जाते आणि त्याबरोबर पूर्वी साठलेले शिसेही रक्तात उतरते, वारेतून बाळापर्यंत जाते. डोहाळे लागलेल्या सुनेला चिंच, कैरी, लिंबू असे आंबटच खावेसे वाटते. ते कोणत्या भांड्यातून दिले जाते, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

रक्तात शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून बंद करावे, असे संघटनेने २०२१ साली सुचवले. (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.) २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा होता की, जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण या पातळीइतके किंवा अधिक आहे. भारतातील अशा मुलांची संख्या त्यात सुमारे २७.५ कोटी धरली होती.

भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरांना देण्याच्या रंगांतील शिशावर नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली. मग आजही शिसे येते कुठून? जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, जुने रंग, भेसळीची हळद ही कारणे आहेतच. पण जगभरच्या तपासण्यांतून आता स्वयंपाकघरातल्या भांड्यांकडेही बोट दाखवले जात आहे. प्युअर अर्थने भारतासह २५ देशांच्या बाजारांतून ५,००० हून अधिक वस्तू तपासल्या आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या धातूच्या भांड्यांपैकी ५२ टक्के आणि चिनी माती-मातीच्या भांड्यांपैकी ४५ टक्के भांड्यांत शिसे ठरवलेल्या पातळीपेक्षा अधिक निघाले.

कल्हई कथिलाची की शिशाची?

आता माळ्यावरून उतरलेल्या वस्तू एकेक करून पाहू. पहिला मान पितळी पातेल्याचा.

तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई करण्याची आपली जुनी रीत अत्यंत शहाणपणाची आहे. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागर टाकून पुसायचे आणि कथिलाची कांडी फिरवून कापसाने तो चंदेरी थर सगळीकडे पसरवायचा. कथील अन्नात सहजी उतरत नाही आणि उतरले तरी ते शिशासारखे घातक नाही. तांब्याचा आणि आंबटाचा संबंध या थरामुळे तुटतो.

पण हे सारे खरे, कल्हई शुद्ध कथिलाची असेल तर. कथील हा महाग धातू आहे. शिसे त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी स्वस्त आहे. दिसायला दोन्ही पांढुरके, चंदेरी. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, तर कथील आणि शिसे यांचे योग्य मिश्रण १८३ अंशांनाच वितळू लागते. म्हणजे मिसळ स्वस्त पडते, लवकर वितळते आणि पसरते. रेडिओ दुरुस्तीचे सोल्डर म्हणजे हीच मिसळ. भांड्यावर ती चढली की शहाणपणाची रीत उलटी फिरते. तांबे टाळण्यासाठी लावलेल्या थरातून शिसेच आमटीत उतरू लागते.

तमिळनाडूत रसम करण्यासाठी 'ईय चोंबू' नावाचे कथिलाचे भांडे वापरतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही ते दिसते. तमिळ भाषेत कथिलाला 'वेळ्ळीयम' म्हणजे पांढरे ईयम आणि शिशाला 'कारीयम' म्हणजे काळे ईयम म्हणतात. दोघांचे नाव एकाच शब्दावरून आलेले. नावात जशी गल्लत होते, तशी बाजारातही होऊ शकते. चिंच-टोमॅटोच्या उकळत्या रसमसाठी असे भांडे घेताना कथिलाच्या शुद्धतेची खात्री नसेल तर ते न घेतलेलेच बरे.

पितळेतही भेद असतो. यंत्रावर कातायच्या पितळेत काम सोपे जावे म्हणून २ ते ३ टक्के शिसे मुद्दाम घातलेले असते. मोडीतून ओतलेल्या पितळेत काय काय मिसळले आहे, हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. मूर्ती, समई, शोभेचे वाडगे यांच्यासाठी ते चालेल. पण शोभेच्या पितळी वाडग्यात पंचामृत किंवा लिंबाचे सरबत नको. तसेच गळके भांडे सोल्डरने बुजवून घेतलेले असेल तर ते स्वयंपाकातून बाद करावे.

स्वस्त कढईचे गूढ

दुसरी वस्तू म्हणजे जाड, ओतीव अॅल्युमिनियमची कढई. शुद्ध अॅल्युमिनियमच्या पत्र्यापासून दाबून केलेल्या पातेल्यात शिसे असण्याचे कारण नाही. धोका असतो तो मोडीतून ओतलेल्या भांड्यांत. मोटारीचे सुटे भाग, इंजिनांचे तुकडे, विजेच्या उपकरणांचे अवशेष हे सारे एकत्र वितळवून साच्यात ओतले की त्यातले शिसेही भांड्यात येते.

अमेरिकेतील अॅशलँड विद्यापीठाचे जेफ्री वायडनहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० विकसनशील देशांतून आणलेल्या ४२ अॅल्युमिनियमच्या भांड्यांत सौम्य आम्ल उकळून पाहिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार सुमारे एक तृतीयांश भांड्यांतून शिसे बाहेर आले. अमेरिकेतल्या सिअॅटल परिसरात अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या मुलांच्या रक्तात शिसे का वाढते, याचा शोध घेताना तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यांनी सोबत आणलेली अॅल्युमिनियमची भांडी सापडली. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही आयात भांड्यांबाबत तिथल्या ग्राहकांना आणि दुकानदारांना सावध केले. त्या सूचनेत अॅल्युमिनियम आणि पितळेबरोबर आपल्या ओळखीचे 'हिंडालियम' हे नावही होते. मुलीला अमेरिकेला पाठवताना बॅगेत हौसेने कढई भरून देणाऱ्या आयांनी हे ध्यानात ठेवायला हवे. सगळेच हिंडालियम वाईट, असा याचा अर्थ नाही. पण कोणी बनवले हे न लिहिलेले, बिल न देता विकले जाणारे ओतीव भांडे हा एक जुगार आहे.

ग्लेझची चकाकी

तिसरी वस्तू लाल-पिवळे बोल. मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यावर काचेसारखा जो गुळगुळीत लेप असतो त्याला ग्लेझ म्हणतात. ग्लेझमध्ये शिशाचे संयुग घातले की ते कमी उष्णतेवर वितळते, अधिक चकाकते आणि रंग उठून दिसतात. लहान भट्टीत कमी तापमानावर भांडी भाजणाऱ्याला म्हणून शिशाचा मोह पडतो. भांडे नीट भाजले गेले नाही, तर हे शिसे लेपात पक्के बसत नाही. मग दही, चिंचेची चटणी, टोमॅटोचे सार यांत ते विरघळत राहते. मेक्सिकोत शिशाच्या ग्लेझची मातीची भांडी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत आणि तिथल्या मुलांच्या रक्तातील शिशाचे ते एक मोठे कारण ठरले आहे.

मग आजीच्या लोणच्याच्या बरणीचे काय? ती जाड, तपकिरी-पांढरी बरणी सहसा स्टोनवेअरची असते. स्टोनवेअर आणि पोर्सेलिन हे प्रकार फार उच्च तापमानावर, साधारण १,२०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर भाजले जातात. एवढ्या उष्णतेवर ग्लेझ वितळवायला शिशाची गरजच पडत नाही. त्यामुळे चांगल्या कारखान्याची साधी बरणी हा लोणच्यासाठी भरवशाचा पर्याय आहे. मात्र लोणचे वर्षभर राहते, त्यात मीठ, आंबटपणा, तेल सारेच असते. म्हणून आतल्या बाजूला तडे गेलेली, लेपाचे टवके उडालेली बरणी भावनेपोटी वापरू नये.

ग्लेझची पारख करण्याची प्रयोगशाळेतली पद्धत मोठी सोपी आहे. भांड्यात ४ टक्के तीव्रतेचे अॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ आपले व्हिनेगरच, २४ तास भरून ठेवतात आणि मग त्यात किती शिसे व कॅडमियम उतरले ते मोजतात. भारतीय मानक ब्यूरोनेही चिनी माती, काच व एनॅमलच्या भांड्यांसाठी अशा मर्यादा ठरवलेल्या आहेत. म्हणून निर्यात करणाऱ्या किंवा नामांकित कारखान्याला "तुमच्या मालाची शिसे-कॅडमियम चाचणी झाली आहे का?" असे विचारले तर त्याला नवल वाटणार नाही. नवल वाटले, तर तेच उत्तर समजावे.

क्रिस्टल: जड, देखणे आणि शिशाचे

चौथी वस्तू सर्वांत किमती, क्रिस्टलचा जग. इथे शिसे चुकून आलेले नसते, ते मुद्दाम घातलेले असते. इंग्लंडमध्ये १६७० च्या दशकात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी काचेत शिशाचे ऑक्साइड मिसळून जड, तेजस्वी काच बनवली. तिच्यात प्रकाशाचे इंद्रधनुष्य खेळते, टिचकी मारली तर घंटेसारखा नाद घुमतो. युरोपच्या नियमांनुसार 'लेड क्रिस्टल' म्हणवून घ्यायला त्यात निदान २४ टक्के शिशाचे ऑक्साइड असावे लागते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जोसेफ ग्रॅझियानो आणि कॉनराड ब्लम यांनी १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्रिस्टलच्या सुरईत पोर्ट वाइन भरून ठेवली. सुरुवातीला तिच्या एका लिटरमध्ये ८९ मायक्रोग्रॅम शिसे होते. चार महिन्यांत ते वेगवेगळ्या सुरयांत २,००० पासून ५,००० मायक्रोग्रॅमच्याही वर गेले. फार काळ साठवलेल्या मद्यात तर २१,००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे सापडले. पांढऱ्या वाइनमध्ये काही मिनिटांतच थोडे शिसे उतरलेले दिसले.

आपल्या घरी वाइन नसेल, पण कोकम सरबत, लिंबू सरबत, पन्हे हे सारे आंबटच आहे. म्हणून क्रिस्टलच्या जगात सरबत करून फ्रिजमध्ये ठेवणे हा प्रकार कटाक्षाने टाळावा. पाहुण्यांसाठी कधीतरी ग्लासातून घोटभर पाणी प्यायल्याने आभाळ कोसळणार नाही. पण मुलांना आणि गर्भवतीला क्रिस्टलमधून पेय देऊच नये.

रोजच्या वापरातली साधी काच वाळू, सोडा आणि चुनखडीपासून बनते. ओव्हनमध्ये चालणारी बोरोसिलिकेट काच बोरॉनच्या संयुगामुळे उष्णता सोसते. या दोन्ही प्रकारांत शिशाची गरज नसते. शिशाऐवजी बेरियम, जस्त अशा धातूंची ऑक्साइडे वापरून केलेली शिसेविरहित क्रिस्टलही आता मिळते. तेव्हा लेबल वाचावे, मगच भुलावे.

कार्टूनचे ग्लास

पाचवी वस्तू मुलांची सर्वांत लाडकी. काच साधी असली तरी तिच्यावरचे चित्र साधे असेलच असे नाही. काचेवर पक्के बसवायच्या भडक रंगांत शिसे आणि लाल-पिवळ्या छटांसाठी कॅडमियम वापरले जाते. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांनी नक्षीचे ७२ नवे-जुने ग्लास तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतील ५२ ग्लासांच्या रंगांत शिसे होते, काहींत तर ओठ लागतात त्या कडेपर्यंत. अमेरिकेत २०१० साली एका नामांकित खाद्यगृह साखळीने मुलांसाठी काढलेले सुमारे १.२ कोटी चित्रांचे ग्लास रंगातील कॅडमियममुळे परत मागवावे लागले होते.

चित्र बाहेर असते, पेय आत असते, मग बिघडते कुठे? मूल ग्लासाची कड चावते, चित्र नखाने खरवडते, तोच हात तोंडात घालते. वारंवार घासून रंग उडतो, तो शेजारच्या भांड्यांना लागतो. म्हणून कडेपासून बोटभर खालपर्यंत चित्र नसलेला ग्लास घ्यावा आणि रंग उडू लागला की तो फेकून द्यावा. मुलांसाठी स्टीलचा पेला सर्वांत बरा. पडला तरी फुटत नाही, हा आणखी एक फायदा.

ओळखायचे कसे?

प्रामाणिक उत्तर असे की, डोळ्यांनी ओळखता येत नाही. भांडे जुने आहे, हाताने घडवलेले आहे किंवा महाग आहे, यातले काहीही खात्री देत नाही. बाजारात शिसे ओळखण्याच्या रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात. पण काडीने 'नाही' म्हटले म्हणून शिसे नाही असे मानता येत नाही. पक्की परीक्षा प्रयोगशाळेतच होते.

काही खुणा मात्र सावध करतात. धुतल्यावर ग्लेझवर खडूसारखा पांढुरका थर दिसणे, लेप खडबडीत होणे, बारीक तडे जाणे, रंग हाताला लागणे, 'फक्त शोभेसाठी' असा शिक्का असणे, यांतले एकही दिसले तर ते भांडे शोकेसमध्ये जावे, ताटाशेजारी नव्हे.

शंका असेल तिथे तीन गोष्टी आठवाव्यात: आंबटपणा, उष्णता आणि वेळ. भांड्यातून शिसे बाहेर काढायला याच तिघी मदत करतात. कोरडा खाऊ, फळे, शेंगदाणे पाच मिनिटे वाडग्यात ठेवणे वेगळे आणि गरम कढी रात्रभर त्याच वाडग्यात ठेवणे वेगळे.

हे लक्षात ठेवा

• रोजच्या स्वयंपाकासाठी चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा लोखंडी कढई-तवा वापरावा. आंबट पदार्थ मात्र स्टीलमध्येच करावेत.

• अॅल्युमिनियम घ्यायचे तर नामांकित उत्पादकाचे, पत्र्याचे व आयएसआय चिन्ह असलेले घ्यावे. स्टील व अॅल्युमिनियमच्या भांड्यांना हे चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला.

• कल्हई करताना कथिलाची कांडी कोणती, कुठून आणली हे विचारावे. शक्य तर खात्रीच्या दुकानातून बिलासह शुद्ध कथील स्वतः विकत आणून द्यावे. कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, कारण थर वितळतो.

• लोणचे, चिंचेचा कोळ, सरबत, दही यांच्यासाठी साधी काच, स्टील किंवा कारखान्याची स्टोनवेअरची बरणी वापरावी.

• ताटे-वाट्या घेताना पांढऱ्या, साध्या घ्याव्यात. आतल्या बाजूने भडक रंग व नक्षी नको.

• जेवणाच्या रंगीत भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम करू नये.

• नवे भांडे व्हिनेगरमध्ये उकळले की शिसे निघून जाते, हा गैरसमज आहे. अन्न कितीही उकळले तरी त्यातले शिसे नष्ट होत नाही.

आधीच वापर झाला असेल तर?

घाबरून जाण्याचे कारण नाही. पहिले काम म्हणजे शंका असलेले भांडे वापरातून काढणे. शिसे येणे थांबले की रक्तातले प्रमाण हळूहळू उतरू लागते. घरात सहा वर्षांखालील मूल किंवा गर्भवती असेल आणि असे भांडे बरेच दिवस वापरले असेल, तर डॉक्टरांशी बोलून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. बोटातून काढलेल्या थेंबापेक्षा शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी अधिक भरवशाची असते. शरीरातून शिसे बाहेर काढणारी औषधे फार वाढलेल्या प्रमाणासाठी, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच देतात. त्यामुळे कुणी सांगितलेले काढे किंवा 'शरीरशुद्धी'चे उपाय मुलांवर करू नयेत.

आहारातून मात्र खूप काही करता येते. नाचणी, दूध, दही, तीळ यांतून कॅल्शियम, पालेभाज्या, कडधान्ये, गूळ-शेंगदाणे यांतून लोह आणि आवळा, पेरू, लिंबू यांतून क जीवनसत्त्व मिळते. पोटभर आणि सकस जेवलेल्या मुलाचे शरीर शिसे कमी शोषते. उपाशी पोट ते अधिक ओढून घेते.

माळा पुन्हा लावताना

दिवाळीपूर्वीच्या त्या दुपारी भांड्यांची वाटणी अशी होऊ शकते. क्रिस्टलचा जग फुलदाणी होऊन दिवाणखान्यात जातो. लाल-पिवळ्या बोलांत पणत्या आणि वाती ठेवल्या जातात. ओतीव कढई मोडीत निघते. चित्रांचे ग्लास मुलांच्या नकळत कचऱ्यात जातात आणि त्यांच्या जागी त्यांची नावे कोरलेले स्टीलचे पेले येतात.

राहता राहिले पितळी पातेले. सासूबाईंच्या माहेरची ती आठवण आहे. ते टाकायचे नाही आणि माळ्यावर कुजवायचेही नाही. सून बाजारातून शुद्ध कथील आणते आणि कल्हई डोळ्यांसमोर करून घेते. तरीही आंबट आमटी स्टीलमध्ये शिजते आणि पितळी पातेल्यात दिवाळीच्या चकल्यांच्या भाजणीचे धान्य निवडून ठेवले जाते.

"आमच्या वेळी हे कुणी सांगितले नव्हते गं," सासूबाई म्हणतात.

"म्हणूनच आता सांगायचे, आई," सून उत्तर देते.

आठवण जपायला माळा आहे, शोकेस आहे. मुलाची बुद्धी जपायला मात्र रोजचे ताट, रोजची वाटी आणि रोजचा पेलाच आहे.